मागचा उजवा कोपरा

गाडी सोलापूरच्या भवानी पेठेतल्या त्या अरुंद रस्त्यावर वळली तीच लंगडत. करड्या रंगाची, मोठी, रुबाबदार गाडी. पण मागच्या उजव्या कोपऱ्यात अशी बसलेली, की बघणाऱ्याला कीव यावी. शेजारच्या पंक्चरवाल्या सिद्रामप्पानं पाण्यात बुडवलेली ट्यूब तशीच धरून मान वर केली.

"श्रावणी, ऊठ गं. गिऱ्हाईक आलं तुझं. ह्ये काय माझ्या हवेचं काम न्हाय."

श्रावणीनं जेवणाचा डबा नुकता कुठं उघडला होता. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी तशीच ठेवून ती हात पुसत उठली. दुकानाच्या पाटीवर अजून वडिलांचंच नाव होतं — यज्ञेश्वर म्याकल, ऑटो इलेक्ट्रिशियन. ते जाऊन दीड वर्ष झालं होतं. पाटी बदलायची म्हटलं की तिचा हात उचलत नसे, म्हणून ती होती तशीच होती.

गाडीतून तिशीचा एक उंच माणूस उतरला. शर्टाच्या बाहीवर खडूची भुकटी, डोळ्यांखाली काळं.

"म्याकल मिस्त्री आहेत का?"

"बोला की."

"नाही, म्हणजे… मिस्त्री?"

"मीच मिस्त्री. तुम्हाला गाडी दाखवायची आहे, का मिस्त्री बघायचाय?"

तो असा ओशाळला, की सिद्रामप्पा तोंड फिरवून हसला.

"गाडीच," तो म्हणाला. मग जरा थांबून — "आधी."

आता हे 'आधी' त्याच्या तोंडून कसं निसटलं देव जाणे, कारण माणूस तसा चावट नव्हता. नाव सुबोध. मोहोळच्या कॉलेजात अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवायचा. पोरांना विजेचे नियम शिकवणाऱ्या माणसाच्या गाडीतच विजेचा बिघाड, दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. गाडी त्यानं दोन वर्षांपूर्वी सोलापूरच्याच कल्लप्पा शेठ नावाच्या एका टॉवेलवाल्याकडून जुनी घेतली होती. तेव्हापासून दोन-चारदा कोपरा बसला होता, आणि यंदाच्या पावसाळ्यापासून तर तिनं त्याला रडकुंडीला आणलं होतं.

"कंप्रेसर बदलला, मागचा फुगा बदलला, सेन्सर बदलला," तो बोटं मोजत सांगू लागला. "चार वर्कशॉप झाली. शेवटच्यानं सांगितलं, आधी कुणीतरी वायरिंगमध्ये हात घातलाय, आता काही सांगता येत नाही."

श्रावणीनं स्कॅनर जोडला. या गाडीला चाकांवर लोखंडी स्प्रिंगा नव्हत्या, रबराचे हवा भरलेले फुगे होते. प्रत्येक चाकापाशी एक सेन्सर, तो गाडीच्या कॉम्प्युटरला सारखं सांगत राहणार की हा कोपरा इतका उंच आहे. कमी असला तर कॉम्प्युटर हवा भरणार, जास्त असला तर सोडणार. सगळा कारभार त्या सेन्सरच्या शब्दावर. स्कॅनरनं मागच्या उजव्या सेन्सरचंच नाव घेतलं, पण सेन्सर तर नवा कोरा होता.

"एक सांगा सर. ही बसते कधी?"

"कधी म्हणजे… केव्हाही."

"केव्हाही असं काही नसतं हो. बिघाडाला पण त्याची वेळ असते की."

चार वर्कशॉपांत हा प्रश्न त्याला कुणी विचारलाच नव्हता.

"एक वेळ मला पक्की ठाऊक आहे," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज बदलला. "जूनमध्ये. आईला सिद्धेश्वराच्या दर्शनाला आणायचं होतं. तिची कंबर धरलेली. तीस वर्षं शाळेसाठी एसटीनं खेडोपाडी गेली बिचारी, एकेक खड्डा तिच्या पाठीत साठलाय. ही गाडी मी तिच्यासाठीच घेतली, हिच्यात धक्का कळत नाही म्हणून. त्या दिवशी गाडी सुरू करून ठेवली होती. आई बाहेर गाडीला धरून, मागच्या दाराच्या हँडलवर सगळा भार टाकून उभी होती, आणि मी तिची काठी आणायला घरात गेलो. एवढ्यात कोपरा बसला. चार बोटं असेल… जास्त नाही. पण तिचा आधारच खाली गेला ना. खुब्याचं हाड मोडलं."

श्रावणीनं स्कॅनर बाजूला ठेवला.

"आता बऱ्या आहेत?"

"वॉकर घेऊन घरात फिरते. या गाडीत मात्र परत बसली नाही. मी म्हणतो विकून टाकतो, तर म्हणते, विकू नकोस. आपल्याला पाडलं तशी दुसऱ्या कुणाला पाडेल. आधी नीट कर, मग वीक."

श्रावणीनं मनात म्हटलं, बाई भारी दिसतात. आणि तोंडानं म्हणाली, "मग नीटच करू. आज काही मी हिला खोलणार नाही. तुम्ही एक वही करा. गाडी कधी बसली, कधी उठली, त्या वेळी ऊन होतं का पाऊस, रस्ता कसला, आत कोण होतं, सगळं लिहायचं. आठ दिवसांनी या."

"गृहपाठ?"

"मास्तरला कधी कुणी दिलाच नसेल."

तो हसला. हसल्यावर डोळ्यांखालचं काळं जरा कमी दिसलं, आणि ते आपल्या लक्षात का यावं, याचा श्रावणीला उगाच राग आला. डब्यातली चटणी त्या दिवशी तिला अळणी लागली.

आठ दिवसांनी सुबोध आला तो वही घेऊन. काय ते अक्षर! पट्टीनं रकाने आखलेले, तारीख, वेळ, हवा, रस्ता. गुरुवार, सकाळी गाडी धुतली, दहा वाजता कोपरा खाली. शुक्रवार दुपारी आपोआप वर. रविवार, धुतली, पुन्हा खाली. आणि मध्येच, त्याच अक्षरात, त्याच रकान्यात — बुधवार, गाडी ठीक. मी ठीक नाही. कारण अज्ञात.

श्रावणीनं ते वाचलं, आणि वाचलंच नाही असं दाखवलं. कानाच्या पाळ्या मात्र तापल्या.

"बुधवारी काय झालं होतं, सर?"

"काही नाही हो… सोलापूरला यायला काही निमित्तच नव्हतं."

ती वहीत तोंड खुपसून बसली. मग एकदम तिचं बोट थांबलं. गुरुवार धुतली. रविवार धुतली. "पाणी," ती म्हणाली. "सर, पाणी! भिजली की बसते, वाळली की उठते. जूनमध्ये त्या दिवशी पाऊस होता का?"

"नाही. कडक ऊन होतं." आणि सुबोधचा चेहरा उतरत गेला. "पण देवाला जायचं म्हणून पहाटे मी गाडी धुऊन पुसून लख्ख केली होती. म्हणजे… मी धुतली नसती तर —"

"ओ सर, थांबा." ती पटकन म्हणाली. त्याचा तसला चेहरा तिला बघवेना. "गाडी धुणं काही गुन्हा आहे का? धड असलेल्या वायरीला पाण्यानं काही होत नाही. दोष पाण्याचा नाही आणि तुमचाही नाही. आत कुणाचं तरी काम चुकलंय."

सुबोधनं बोनेटवर हात ठेवला. मग हळूच म्हणाला, "असं काम करताना माणूस विचार करत नसेल का हो… की या गाडीत पुढं कोण बसणार आहे?"

"करायला पाहिजे," श्रावणी म्हणाली. अगदी ठामपणे म्हणाली.

मग तिनं पाण्याची नळी लावली आणि गाडीची मागची उजवी बाजू, दाराखालची पट्टी, चाकावरची कमान, सगळं सपासप भिजवलं. सुबोध खांद्यापासून गुडघ्यापर्यंत निथळला.

"हे मुद्दाम केलंत तुम्ही."

"गाडीला भिजवायचं होतं. तुम्ही मधे आलात."

"बाजूला हो म्हणायचं की!"

"म्हणणार होते…" ती म्हणाली, आणि तिला हसू आवरेना. सिद्रामप्पानं तिकडून एक खाकरा काढला, तेव्हा कुठं नळी बंद झाली.

दोघं अक्कलकोट रोडला निघाले. तो चालवत होता, ती शेजारी मांडीवर स्कॅनर घेऊन आकडे वाचत होती. कोपरा बरोबर उंचीला असला की सेन्सर अडीच व्होल्ट दाखवणार. खरी उंची तीच असताना आकडा चढायला लागला, तर समजायचं चोर जवळ आला.

"दोन पॉइंट पाच… दोन पॉइंट पाच…"

"आणि माझं?"

"तुमचं काय?"

"वाढलं असेल की. तुम्ही शेजारी बसल्यापासून."

"तुम्हाला सेन्सर नाही, सर."

"म्हणजे कुणाला कळणारच नाही?"

श्रावणीनं स्कॅनरवरची नजर उचलली नाही. "कळायलंय," ती अगदी बारीक आवाजात म्हणाली. "समोर बघा… टेम्पो आला."

त्यानं समोर बघितलं. पण गाडीत जे काही बदलायचं ते बदलून गेलं होतं. तिच्या ओल्या हातांचा वास, त्याचा भिजलेला शर्ट, खिडकीतून येणारं ऑक्टोबरचं ऊन… एमआयडीसी कधी आली ते कळलं नाही.

"दोन पॉइंट सात," ती एकदम ताठ झाली. "नऊ… तीन! थांबवा, थांबवा."

गाडी रस्त्याकडेला घेतली तोवर मागचा उजवा कोपरा हुश्श करून खाली बसला. दोन्ही बाजूंच्या शेडमधून यंत्रमागांची खडखड चालू होती. श्रावणीनं मीटर काढला. सेन्सरला तीन वायरी. पाच व्होल्टची ठीक. सिग्नलची ठीक. तिसरी अर्थिंगची, तिच्यावर मीटरनं अर्धा व्होल्ट दाखवला. तिथं शून्याखेरीज काही दिसता कामा नये. अर्थिंगच गंजलेलं, म्हणून सेन्सर खोटं बोलत होता. कोपरा उंच आहे, उंच आहे. आणि बिचारा कॉम्प्युटर त्याच्यावर विश्वास ठेवून हवा सोडत होता.

ती वायर बोटांनी चाचपत मागं मागं गेली. मागची सीट उचलली, गालिचा सोलला. सुबोधनं टॉर्च धरला. दाराच्या पट्टीखाली, जिथं पाणी झिरपून साचतं तिथं, टेपची एक जुनी गाठोडी होती. तिनं कटरनं टेप उभी कापली.

आत सूत होतं.

तुम्ही म्हणाल, मोटारीच्या वायरीला सूत कशाला? सोलापुरात मागांची वायरिंग करणारे जुने मिस्त्री होते, त्यांची ती रीत होती. माग दिवसरात्र हादरतात, साधा जोड सैल होतो. म्हणून तांब्याचा पीळ घातला की त्यावर खळ दिलेलं सूत वेढ्याला वेढा लावून गच्च गुंडाळायचं, आणि मग टेप. कारखान्यातल्या कोरड्या उष्णतेत असला जोड वीस वर्षं हलत नाही. यज्ञेश्वर म्याकलांनी याच रस्त्यावरच्या शेडमधून असे हजारो जोड मारले आणि पुढं दुकान टाकलं तेव्हा ती रीत गाड्यांमध्येही आणली. पण गाडीत पाणी येतं. सूत पाणी ओढतं आणि धरून ठेवतं. इथल्या सुतानं दोन-अडीच वर्षांतच तांबं हिरवं करून टाकलं होतं.

नान्नांचा जोड, आपल्या वडिलांचाच, तिच्या मनात आलं. आणि लगेच तिनं वेढे नीट बघितले.

वेढे उलटे होते. उजव्या हाताचा माणूस ज्या अंगानं गुंडाळतो, त्याच्या उलट. म्याकलांच्या घरात डावरं माणूस एकच होतं.

मग सगळं आठवलं. चार वर्षांपूर्वी ही गाडी पांढरी होती, म्हणून तर तिनं ओळखली नव्हती. कल्लप्पा शेठचा ड्रायव्हर घेऊन आला होता, उंदरानं वायर कुरतडली म्हणून. नान्नांच्या उजव्या अंगावरून नुकताच वारा गेला होता, हात मांडीवर पडलेला. ते खुर्चीवर बसून सांगत होते, "घट्ट, बिड्डा… अजून घट्ट, पोरी." आणि काम झाल्यावर डाव्या हाताची दोन बोटं त्या जोडावरून फिरवून म्हणाले होते, "माझ्यापेक्षा चांगला मारलास." तिचा पहिला जोड, जो त्यांनी पास केला. त्या रात्री तिनं अम्माला तीनदा सांगितलं होतं.

"सापडलं?" सुबोधनं विचारलं.

"हो."

"खरंच? श्रावणी, खरंच?" तो तिचं नाव पहिल्यांदाच घेत होता. "हे एवढंसं? या चिंधीपायी…? कुणाचं काम आहे हे?"

"जुनं आहे," ती म्हणाली.

एवढंच म्हणाली. खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. जोड कापून तिनं खिशात टाकला, वायर उंचावर घेतली, डाख दिला, वरून पाणी न शिरणारी नळी बसवली. हात आपोआप चालत होते. परत दुकानाशी येऊन पाण्याच्या दोन बादल्या ओतल्या, तरी कोपरा हलला नाही. सुबोध लहान पोरासारखा हसत होता.

"गाडी नीट झाली. आता यायला निमित्त नाही," तो म्हणाला. "निमित्त नसताना आलो… तर चालेल?"

आठ दिवस हेच ऐकायला तिचे कान आसुसले होते. आणि आता ऐकलं तर तिचा हात खिशातल्या जोडावर गेला.

"रविवारी या," ती म्हणाली. "आता जा… तुमच्या आई वाट बघत असतील."

सिद्रामप्पा काही दूधखुळा नव्हता. गाडी गेली आणि ही पोर जोड हातात घेऊन पायरीवर बसली, हे बघून तो टायर ढकलत आला. तिनं त्याला सगळं सांगितलं. कुणाला तरी सांगायलाच हवं होतं.

"मग त्यात काय?" तो म्हणाला. "सांग की, म्हाताऱ्याचा जोड हाय म्हणून. यज्ञेश्वर गेला वर. गेलेल्याला कोण काय बोलणार? तुझं लगीन जमंल, पोरी."

"नान्ना उजव्या हातानं गुंडाळायचे, अप्पा."

"त्ये कुणाला कळतंय?"

"मला कळतंय की!" ती एवढ्या जोरात म्हणाली, की तिचं तिलाच रडू आलं. सिद्रामप्पानं खांद्यावरचा पंचा पुढं केला आणि आपला टायर घेऊन गेला.

चार दिवस तिनं दुकान चालवलं खरं, पण कशातच जीव नव्हता. सांगावं तर तो जाईल. न सांगावं तर तो राहील. पण मग जन्मभर त्या बाईंना वॉकर घेऊन चालताना बघायचं, वाकून नमस्कार करायचा, आणि गप्प बसायचं. दुसरं आपल्याच्यानं होणार नाही, हे तिला पहिल्या दिवशीच ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि तोंड उघडणं वेगळं.

रविवारी सुबोध आला. नवा शर्ट, हातात मोगऱ्याचा गजरा नाही की गुलाबाचं फूल नाही, हुरड्याचाही मोसम नाही म्हणून मोहोळच्या बाजारात नुकती आलेली बोरं घेऊन आलेला. तिनं बोरं घेतली नाहीत. जोड त्याच्या हातावर ठेवला.

"हा मी मारलाय," ती म्हणाली. "चार वर्षांपूर्वी. मीच. माझ्यामुळं तुमची आई पडली."

सुबोधनं जोडाकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं. शेवटी त्यानं विचारलं ते भलतंच.

"त्या दिवशी… एमआयडीसीत… तुला कळलं होतं?"

"हो."

"मी हसत होतो. तुझं नाव घेत होतो. आणि तुला कळलं होतं."

"हो… मला भीती वाटली."

"चूक कुणाच्याही हातून होते, श्रावणी. मी पोरांना रोज तेच सांगतो. पण तू मला हसू दिलंस." त्याचा आवाज चढला नाही, चढला असता तर बरं वाटलं असतं. बोरांची पिशवी पायरीवर तशीच राहिली आणि गाडी वळून गेली. मागचे दोन्ही कोपरे अगदी समान उंचीवर होते.

सोमवार गेला, मंगळवार गेला. फोन नाही, काही नाही. बुधवारी तिला त्याची वही आठवली आणि कामात लक्ष लागेना. गुरुवारी सकाळी तिनं कुलूप काढलंच नाही. सिद्रामप्पाला म्हणाली, "दुकानाकडं बघा जरा," आणि मोहोळची एसटी धरली. त्याला मनवायला नव्हे. ज्यांचं हाड मोडलं, त्यांना अजून कुणी काही सांगितलं नव्हतं.

घर शोधायला वेळ लागला नाही. सुबोधच्या आईचं, प्रेमलाबाईंचं, नाव घेतलं की अर्धं मोहोळ रस्ता दाखवतं, बाकीचं अर्धं शाळेत त्यांच्या हातचा मार खाल्लेलं असतं. दार उघडंच होतं. समोरच्या खोलीत खुर्चीवर चष्मा लावून एक बारीक, ताठ बाई पेपर वाचत होत्या. वॉकर हाताशी.

"कोण गं?"

श्रावणी उंबऱ्याबाहेरच थांबली. "मी श्रावणी म्याकल. सोलापूरहून आले. तुमची गाडी…"

"अगंबाई, तू ती होय! सुबोध सांगत होता. म्हणजे, आधी सांगत होता. चार दिवस झाले काहीच सांगत नाही."

आतल्या दारात सुबोध येऊन उभा राहिला होता. तिनं त्याच्याकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर शब्द फुटला नसता. एका दमात तिनं सगळं सांगितलं; सूत, पाणी, उलटे वेढे, जूनमधला तो दिवस. कुठं नान्नांचं नाव पुढं केलं नाही, कुठं स्वतःची बाजू घेतली नाही. आणि शेवटी म्हणाली, "तुम्ही माझ्या हातानं पडलात. मला माफ करा म्हणायला पण तोंड नाही मला."

प्रेमलाबाईंनी चष्मा काढला. पेपराची घडी घातली. घडी घालायला त्यांना फार वेळ लागला.

"तू सांगितलं नसतंस, तर मला कधी कळलं असतं?"

"नाही."

"याला?"

"यांनाही नाही."

"मग सांगितलंस कशाला?"

श्रावणीनं उंबऱ्याकडं बघितलं.

"मला या घरात यायचंय," ती म्हणाली. "कायमचं… यांनी बोलावलं तर. आणि हे पोटात ठेवून मला तुमच्या पाया पडता आलं नसतं."

आता सांगा, प्रेमाची कबुली कुणी अशी देतं का? ज्याला द्यायची त्याला सोडून त्याच्या आईला, तेही भर सकाळी उंबऱ्याबाहेर उन्हात उभं राहून! पण तिनं दिली. आणि सुबोधनं दाराची चौकट अशी धरली, की जणू तोच पडणार होता.

"आई," तो म्हणाला, "मी हिच्यावर रागावलोय. खरंच रागावलोय. पण चार दिवस झाले, मला —"

"तुला काय झालंय ते मला दिसतंय," प्रेमलाबाई म्हणाल्या. "दोन पोळ्यांच्या पुढं गेला नाहीस चार दिवसांत. तू गप्प बस. मोडलेलं हाड माझं आहे."

मग त्या श्रावणीकडं वळल्या, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"मलाही राग आलाय, पोरी. येणारच. पाच महिने झाले, मला अंगणातल्या तुळशीपर्यंत जाता येत नाही. तू खरं बोललीस म्हणून तो लगेच जाईल असं समजू नकोस. वेळ लागेल मला."

"मी थांबेन," श्रावणी म्हणाली.

"किती दिवस?"

"लागतील तितके."

प्रेमलाबाईंनी तिला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. वर्गात उशिरा आलेल्या मुलाला बघावं तसं.

"थांबायचं तर थांब," त्या म्हणाल्या. "पण बाहेर उभं राहून थांबायची रीत नाही या घरात. चपला काढ आणि आत ये. सुबोध, बघत काय राहिलास? तिला पाणी दे."

सुबोधनं पाण्याचा तांब्या आणून तिच्या हातात दिला. ती रडत होती, आणि तो हळूच म्हणाला, "मी बोलावलंय."